रविवारचं तेल

आमच्या वसतिगृहाच्या बाई दुष्काळाच्या दोन्ही वर्षांत छत्री घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. ऊन लागतं म्हणून छत्री उघडत होत्या म्हणावं, तर तेही नाही. मिटलेली काळी छत्री काखेत धरून नळदुर्गच्या भर उन्हात चालायच्या. एकदा पोस्टमननं विचारलं, "बाई, आभाळात ढगाचा पत्ता न्हाय, छत्री कशाला?" बाई वर बघत म्हणाल्या, "त्याला दिसावी म्हणून. जरा लाज वाटू दे."

लाज हा बाईंचा आवडता शब्द. आभाळाला, नळाला, कट्ट्यावर लोळणाऱ्या मांजराला, सगळ्यांना त्या लाज धरायला सांगायच्या. नळ नुसताच फुसफुसला की त्याच्यापुढं उभ्या राहून विचारायच्या, "लाज वाटत न्हाय व्हय रं? एवढं तोंड वासतोस, आन् थेंब न्हाय." आम्ही मुली तोंडावर हात ठेवून हसायचो. हात ठेवावाच लागायचा, कारण दात दिसले की पुढची बोलणी आम्हाला. बाईंचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत झालेलं. त्यामुळे रागावल्या की 'खबरदार' आणि फारच रागावल्या की 'बिलकुल खबरदार'. पण मारलं मात्र त्यांनी कधी कुणाला नाही. त्यांना मारायची गरजच पडायची नाही. त्या नुसत्या बघायच्या आणि आपण काहीतरी केलंय असं आपल्याला वाटायला लागायचं.

मी तिथं मॅट्रिकच्या वर्षाला होते. माझं गाव तामलवाडी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आमच्या भावकीत इतक्या पुढं शिकणारी मी पहिलीच मुलगी, आणि आबांनी मला शाळेला पाठवलं ते माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, मनाविरुद्ध. तात्यांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि ते सणावाराला त्याची आठवण करून द्यायचे. मला एसटीत बसवताना आबा म्हणाले होते, "शिक तुला शिकायचं तेवढं. पर एक शब्द जरी वावगा कानावर आला, तर मला तात्याला तोंड दाखवता येणार न्हाय. मग शाळा बंद, एवढं ध्यानात ठेव." मी मान हलवली होती. वावगा शब्द यावा असं माझ्या हातून काय होणार होतं? मला मॅट्रिक व्हायचं होतं आणि नर्सिंगला जायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं.

बाईंविषयी एक कोडं आम्हा सगळ्यांनाच होतं. त्यांचा पदर कायम डोक्यावरून डाव्या गालावर ओढलेला असायचा. बोलताना, हिशेब तपासताना, भाकरी वाढताना, डावा हात पदराला. जेवताना त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवर शेवंता नावाची परांड्याकडची मुलगी होती. तिचं म्हणणं, गालावर कुणाचंतरी नाव गोंदलंय. दुसऱ्या एकीचं म्हणणं, भाजलंय. विचारायची छाती कुणालाच नव्हती. दुसऱ्याच्या तोंडाची इतकी बारकाईनं तपासणी करणारी बाई स्वतःचं अर्धं तोंड झाकून का हिंडते, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. मोठ्या माणसांबद्दल असे प्रश्न पडायची आम्हाला सवयच नव्हती.

तपासणी म्हणजे अगदी रोजची. सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही अंगणात उजेडाकडं तोंड करून उभ्या राहायचो आणि बाई रांगेतून यायच्या. हनुवटीला बोट लावून तोंड वर करायच्या, डावीकडं वळवायच्या, उजवीकडं वळवायच्या. तोंडावर पुटकुळी दिसली की ती कुठं आहे त्यावरून त्या तिचं कारण सांगायच्या. कपाळावर असली तर हट्ट. "कुणाला उलटून बोललीस?" नाकावर असली तर चोरून खाणं. "गूळ का शेंगा?" हनुवटीवरची आळसाची. आणि गालावरची असली तर बाई काहीच बोलायच्या नाहीत, नुसतं त्या मुलीकडं बघत राहायच्या. ती सगळ्यात वाईट. गालावरची पुटकुळी म्हणजे मनात कुणीतरी आहे. विचारानं रक्त तापतं आणि तापलेलं रक्त गालातून बाहेर पडायला बघतं, असं बाईंचं शास्त्र होतं.

गंमत अशी, की हे शास्त्र बऱ्याचदा खरं ठरायचं. नाकावर फोड आलेली मुलगी रडत रडत गूळ खाल्ल्याचं कबूल करायची. कारण गूळ आम्ही सगळ्याच चोरून खायचो. मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, त्या लाल भाकरीबरोबर दुसरं खाणार काय? पण जिच्या नाकावर काही नाही ती सुटायची आणि जिच्या नाकावर आहे ती सापडायची. त्यामुळे बाईंच्या डोळ्यांवर आमचा पूर्ण विश्वास बसला होता.

या तापलेल्या रक्तावर बाईंचा उपाय होता तेल. गावातल्या सोसायटीनं करडईची सहकारी तेलघाणी काढली होती. सोसायटीचे चेअरमन वसतिगृहाचे हितचिंतक. ते घाणीतलं तळाचं, गाळाचं तेल डब्यात भरून आम्हाला पाठवायचे. कालवणात घालायला ते चालायचं नाही, कडवट लागायचं. म्हणून जेवणात तेलाची बोंब आणि डोक्यावर तेलच तेल, अशी आमची अवस्था होती. बाईंना त्या तेलाचा भारी अभिमान. "आपल्या लोकांनी पिकवलं, आपल्या लोकांनी गाळलं. डोस्कं थंड तर रगत थंड," म्हणायच्या. दर रविवारी त्या कट्ट्यावर बसायच्या, आम्ही एकेक त्यांच्या गुडघ्यापुढं. वाटीभर तेल टाळूवर ओतून दोन्ही हातांनी इतकं चोळायच्या की डोळे आपोआप मिटायचे. त्या वेळी बाई कुणालाही लाज धरायला सांगायच्या नाहीत. हळू आवाजात काहीतरी गुणगुणायच्या. त्यांच्या हातात फार माया होती. ती मला अजून टाळूवर जाणवते.

चोळून झालं की डोक्याला फडकं घट्ट बांधायचं, तेल वाया जाऊ नये म्हणून. आणि जिच्या तोंडावर जास्त पुटकुळ्या, तिला जास्त तेल. डोक्यावरून अंघोळ करायला पाणी कुठं होतं? बोरी नदी आटलेली, टँकर आला तर आला. पंधरवड्यातून एकदा केस धुतले तर नशीब. ते तेल आठवडाभर कपाळावर उतरत राहायचं, उशीला लागायचं, उशीचं गालाला लागायचं, आणि पुन्हा रविवार यायचा.

मला आधी कपाळावर आलं. रवा पेरल्यासारखे बारीक दाणे, दुखत नव्हते. बाईंनी हट्टीपणा काढला, माझ्या वाट्याचं तेल वाढवलं. मग दाणे लाल झाले, मग गालांवर उतरले. गालांवरच्या नुसत्या पुटकुळ्या नव्हत्या. आत गाठी असायच्या, बोट लावलं तरी कळ यायची, पिकायच्या, फुटायच्या, आणि एक बसेपर्यंत दोन यायच्या. मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. शेवंतानं सांगितलं म्हणून सकाळची शिळी थुंकी लावली. आईनं पाठवलेलं जायफळ उगाळून लावलं. कपडे धुवायच्या साबणानं चुरचुरेपर्यंत घासलं. नखानं फोडल्या. वर्गात मी मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, कारण हात वर केला की सगळे तोंडाकडं बघतात. लाज ही काय चीज असते ते मला त्या वर्षी कळलं. चूक केलेली नसते, नुसतं तोंड असतं, आणि ते कुठं ठेवावं हे कळत नाही.

एका दुपारी बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लोटलं. म्हणाल्या, "कोण हाय?"

"कोण म्हणजे, बाई?"

"तुझ्या मनात कोण हाय?"

"कुणी न्हाय, बाई. आईशप्पथ."

"जीभ खोटं बोलंल, पोरी. गाल खोटं बोलत न्हाय." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, उलट कळवळ्याचा होता. "जा. आठव नीट. आठवलं की ये. सांगितलं की उतरतं."

आता मागं वळून बघताना हसू येतं. कारण मी खरंच आठवायला बसले. माझ्या मनात कुणी नाही हे मला ठाऊक होतं, पण गाल तर सगळ्यांना दिसत होते. मी माझ्या मनापेक्षा माझ्या तोंडावर विश्वास ठेवला. भूमितीच्या तासाला प्रमेय बाजूला ठेवून मी माझ्या मनातला माणूस शोधत होते. गणिताचे मास्तर? ते तपकीर ओढायचे, त्यांच्याजवळ उभंसुद्धा राहवत नसे. पोस्टमन? त्याला नातवंडं होती. तेलाचा डबा घेऊन येणारा गाडीवान? चेअरमन? एकेकाला समोर आणून मी स्वतःला विचारत होते, हा आहे का? आणि मग मला टँकरवरचा क्लीनर आठवला. हौदात पाइप सोडताना एकदा त्याचा सदरा भिजला होता आणि मी त्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघत राहिले होते. खरं म्हणजे मी पाण्याकडं बघत होते. इतकं पाणी एका माणसाच्या अंगावर सांडलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पण मी पाण्याकडंच बघत होते याची मला आता खात्री देता येईना. म्हटलं, तोच असणार.

मी बाईंकडं गेले आणि सांगितलं, "टँकरवरचा पोरगा, बाई."

"नाव काय?"

"ठाऊक न्हाय."

बाईंनी डोळे मिटले. मग मला जवळ ओढलं आणि वार रविवार नसतानाही माझ्या डोक्यावर तेल घातलं. "सांगितलंस ते लई बरं केलंस," एवढंच म्हणाल्या. खोटं वाटेल, पण मला फार हलकं वाटलं. निदान माझ्या तोंडाला काहीतरी कारण तरी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बाई छत्री घेऊन हौदापाशी उभ्या. क्लीनरला म्हणाल्या, "पाठ कर इकडं. पाठ करूनच पाइप सोडायचा. खबरदार वळून बघशील तर!" तो बिचारा गोंधळला, ड्रायव्हर हसायला लागला. पाठमोऱ्या माणसाला हौद भरलेला दिसणार कसा? पाणी काठावरून अंगणात वाहून गेलं. त्या दुष्काळात, आमच्या डोळ्यांदेखत. सगळ्या मुली धावल्या, ओढण्यांनी, फडक्यांनी पाणी टिपून बादलीत पिळायला लागल्या. मी खिडकीआड उभी होते. बाहेर यायचं माझं धाडस झालं नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी आमच्या गावच्या, बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर आबांना सांगावा धाडला. काय ते नीट सांगितलं नव्हतं. फक्त, "पोरीसाठी येऊन जा, बोलायचं हाय." पण असा सांगावा आला की काय ते सांगावं लागत नाही. आबा येणार, तात्या त्यांच्याबरोबर येणार, आणि मॅट्रिकची परीक्षा मी देणार नाही.

आबांच्या आधी डॉक्टर आला. कॉलऱ्याची लस टोचायला सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर पेटी घेऊन आला. घाईत होता, चिडलेला होता. आणखी चार गावं करायची होती. आम्ही दंड उघडा करून रांगेत उभ्या. टोचता टोचता तो मध्येच थांबला आणि रांगेवरून नजर फिरवत बाईंना म्हणाला, "या सगळ्यांच्या कपाळावर एकाच जागी पुरळ कसं? काय लावता यांना?"

बाई अभिमानानं म्हणाल्या, "सोसायटीचं करडीचं तेल."

"किती?"

बाईंनी वाटी दाखवली. डॉक्टरनं सुई ठेवली. वाटीतलं तेल बोटांवर घेतलं, वास घेतला आणि माझं तोंड उजेडाकडं वळवलं. नेहमी बाई करायच्या तसंच. मग त्यानं सांगितलं ते मला जवळजवळ शब्दन् शब्द आठवतं, कारण माझ्या तोंडाविषयी कुणीतरी पहिल्यांदाच लाज न आणता बोलत होतं. तो म्हणाला, "कातडीखाली तेलाच्या बारीक पिशव्या असतात. या वयात अंगात बदल होतात, तेव्हा त्या जास्त तेल करतात. तेल बाहेर यायची भोकं बुजली की आत साठतं, त्यात जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. आतलं तेल कमी पडत होतं म्हणून की काय, तुम्ही वरून ओतलं, आणि वर फडकं बांधलं. तेल बंद करा. साध्या पाण्यानं हलक्या हातानं तोंड धुवा, घासू नका, फोडू नका. गंधकाचं लोशन देतो. हिला गोळ्यासुद्धा लागतील. आणि आठवड्यात जाईल असं समजू नका, महिने लागतात."

"आन् रगत?" बाईंनी विचारलं.

"रक्ताचा संबंध नाही."

"आन् मनातलं?"

"मनातलं म्हणजे?"

"मनात कुणी असलं म्हंजी..."

डॉक्टर हसला. "अहो बाई, पोरांना तर पोरींपेक्षा जास्त येतात. मग त्यांच्या मनात कोण असतं?"

"बिलकुल असतं!" बाई ठासून म्हणाल्या आणि रांगेतल्या मुली खो खो हसल्या. दात दिसले. बाई कुणावरही ओरडल्या नाहीत.

लस टोचून झाली, डॉक्टर पेटी आवरायला लागला. लोशनची शिशी घ्यायला मी तेवढी मागं थांबले होते. बाई त्याच्याजवळ गेल्या. इकडं तिकडं बघितलं. मी त्यांना दिसले असणार, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पदर बाजूला केला.

गोंदण नव्हतं, भाजलेलं नव्हतं. सबंध गालावर खड्डे होते, काही खोल, काही एकात एक मिसळलेले, आणि जबड्यापाशी दोरीसारखे वळ. माझ्या गालावर जे चाललं होतं ते संपल्यावर उरतं तसं.

"हे बी तेच का?"

डॉक्टरनं बघितलं. त्याची घाई जरा कमी झाली. "तेच. वेळेवर उपचार झाले नाहीत की व्रण राहतात. तरुण वयातलं दिसतंय."

"म्हंजी मनात कुणी नसलं तरी हुतं?"

"नसलं तरी होतं, बाई."

बाईंनी पदर पुन्हा ओढून घेतला. "बरं," म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, "बरं." डॉक्टर गेला तरी त्या कट्ट्यावरच बसून होत्या. छत्री आडवी मांडीवर. मी शिशी हातात धरून उभी होते, जावं की थांबावं ते कळत नव्हतं. त्या दुपारी त्यांच्याकडं बघायची मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या चपलांकडंच बघत राहिले.

आबा आणि तात्या आले ते दुसऱ्या दिवशी. ओसरीवर घोंगडं टाकून बसले. आबांचं तोंड उतरलेलं, तात्या मात्र अगदी तयारीनं आल्यासारखे ताठ. मला खांबाला टेकून उभं केलं. माझ्या तोंडावर पिवळं लोशन, सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. तात्यांनी माझ्याकडं बघून नाकाला उपरणं लावलं.

बाईंनी दोघांना पाणी दिलं. मग उभ्यानंच म्हणाल्या, "दादा, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. पोरीचं काय बी वावगं न्हाय. माझीच समजूत चुकली."

आबांनी मान वर केली. पण तात्या म्हणाले, "समजूत कशी चुकंल? हितल्या पोरींच्या तोंडातनं भाईर गेलं, आमास्नी बाजारात कळलं. पोरीनं सोताच्या तोंडानं कुणाचं तरी नाव घेतलं म्हनं."

"नाव घेतलं न्हाय. तिला नावच ठाऊक न्हाय."

"तरी पर कबूल केलं का न्हाय?"

"केलं."

"मग?" तात्यांनी हात पसरले. "मनात काय नसताना कोन कबूल करतंय, बाई?"

मला ती ओसरी अजून दिसते. बाहेर हमरस्त्यावरून ट्रक गेला. बाई दोन पुरुषांसमोर उभ्या होत्या. ज्या बाईंनी भाकरी खातानासुद्धा कुणाला तोंड दाखवलं नव्हतं, त्यांनी डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. भर उजेडात.

"म्या केलं हुतं, दादा," त्या म्हणाल्या. "हिच्याएवढी हुते. लगीन हून नांदायला गेले, आन् तोंडावर हे आलं. सासू म्हणाली, हिच्या मनात म्हायेरचा कुणीतरी हाय, सांग. रोज सांग, रोज सांग. म्या शोधला. शोधल्यावर एक गावला. सांगितलं. मला परत धाडलं." गाल त्यांनी झाकला नाही. "काल डागदर म्हणाला, मनात कुणी नसलं तरी हुतं. मला कुणी हे आधी सांगितलं न्हाय. तुमच्या पोरीला म्या सांगितलंय. आता तिला न्यायचं असंल तर न्या. पर माझ्या बोलण्यावरनं नेऊ नका."

आबा त्यांच्याकडं बघू शकले नाहीत. मीही बघू शकले नाही. तात्यांनीसुद्धा उपरणं नाकावरून काढून मांडीवर ठेवलं आणि ते घडी घालत बसले. एका बाईनं स्वतःची लाज आमच्यापुढं काढून ठेवली होती, आणि तिच्याकडं बघायची हिंमत तिथं कुणाकडंच नव्हती. शेवटी आबा उठले. बाईंच्या पायांकडं बघत म्हणाले, "परीक्षा झाल्यावर कळवा. न्यायला येतो."

जाताना तात्या काहीतरी पुटपुटले. आबा म्हणाले, "चल, एसटी जाईल." त्यानंतर आमच्या घरात त्या स्थळाचं नाव निघालं नाही.

असं वाटेल, की त्या दिवसानंतर बाईंनी पदर कायमचा सोडला असेल. नाही. ते दोघे फाटकाबाहेर पडायच्या आतच तो पुन्हा गालावर आला आणि नंतर मी तो कधी सुटलेला पाहिला नाही. पण पुढच्या रविवारी एक गोष्ट झाली. आम्ही सवयीनं कट्ट्यापुढं रांगेनं बसलो. बाई आल्या. हातात वाटी नव्हती. काय करावं ते त्यांनाही सुचेना. मग त्यांनी फणी घेतली आणि कोरड्या केसांतून नुसती फिरवत राहिल्या. केस ओढले जायचे, दुखायचं, पण कुणी तक्रार केली नाही. तेलाचा डबा त्यांनी सोसायटीला परत धाडला आणि चेअरमनना निरोप दिला, की गाडीच्या चाकांना घाला. सकाळची तपासणीही चालूच राहिली. फक्त आता हनुवटी वर करून बाई एवढंच विचारायच्या, "लोशन लावलंस का?"

मी मॅट्रिक झाले, नर्सिंगला गेले. गाठी बसायला ते सगळं वर्ष लागलं. खड्डे राहिले, फार नाहीत.

पुढं बऱ्याच वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मी बाईंना भेटायला सोनारीला गेले. निवृत्त होऊन त्या आपल्या गावी भैरवाच्या देवळाजवळ एका खोलीत राहत होत्या. त्या देवळाच्या आवारात माकडं फार. मी पोचले तेव्हा बाई छत्री उगारून एका माकडाला सांगत होत्या, "लाज धर जरा, देवाच्या दारात असं बसतेत व्हय?" मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बाई आहे तशाच आहेत.

त्यांनी चहा केला. हनुवटीला बोट लावून माझं तोंड खिडकीकडं वळवलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "बरं राहिलंय," म्हणाल्या. मग एकाएकी विचारलं, "त्ये टँकरवालं पोरगं कधी आठवतं का ग तुला?"

मी हसले. "त्याचं तोंडसुद्धा मी नीट बघितलं नव्हतं, बाई."

"म्याबी न्हवतं बघितलं," त्या म्हणाल्या. बाई टँकरवाल्याविषयी बोलत नव्हत्या, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. "आमच्या शेजारच्या मळ्यात हुता. एकदा विहिरीवर बैल धुताना दिसला, पाठमोरा. एवढंच. सासूला कुणाचं तरी नाव पायजे हुतं, म्या त्याचं दिलं. लोकांनी त्याला लई मारलं म्हणं. गाव सोडून गेला." त्यांनी कप खाली ठेवला. "आधी मनात कुणी न्हवतं ग, पोरी. नाव घेतल्यावर आला. मग जन्मभर त्योच. रोज आठवतो. डागदरला म्या हे इचारलंच न्हाय, का आता ह्याला काय लावू?"

इतकी वर्षं दवाखान्यात मी रोज लोकांना काय लावायचं ते सांगत आले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

परतताना परांड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते. त्या साली पुन्हा पाऊस नव्हता. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, मागं एक पोरगा उभा, सदरा भिजलेला. कोण कुठला, मला माहीतसुद्धा नाही. माझा हात आपोआप गालावर गेला आणि बोटांना ते खड्डे लागले. मनात कुणीच नव्हतं. तरी लाज वाटली.